तळव्याला तळवा

१

सकाळी शेळ्या सोडायच्या आधी मी तेल कोमट करतो. पळीत थोडं तेल घ्यायचं, चुलीतल्या निखाऱ्यावर धरायचं, बोट बुडवून बघायचं. चटका बसला तर जरा थांबायचं. केशरच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून हे काम माझ्याकडं आलं. आधी डावा पाय, मग उजवा. उजव्याला ती नको म्हणायची.

"त्याला काय धाड भरलीय? तेल काय फुकटचं हाय?"

मला मुळात बोलायला वेळ लागतो. मी उत्तर जुळवेपर्यंत ती पुढच्या गोष्टीवर गेलेली असायची.

तिच्या डाव्या टाचेला एक खड्डा होता, हरभऱ्याचा दाणा बसेल एवढा. केशर पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. आमच्याकडं विहिरीची जागा बघायची तर अशा माणसाला अनवाणी रानातून फिरवतात. पायाखाली पाणी असलं की तळवा गार पडतो, असं ती सांगायची. आमच्या विहिरीच्या वेळी फिरताना बाभळीचा काटा टाचेत मोडला, तरी ती चालत राहिली आणि एका जागी थांबून म्हणाली, "हितं." काटा नंतर कापून काढावा लागला. पाणी तिथंच लागलं.

ते पाणी पुढं आटलं. विहिरीच्या पोटातून घराच्या अंगाला आडवं बोअर मारलं, त्यालाही थोडे दिवस पाझर राहिला, मग तेही कोरडं पडलं. टँकरचं पाणी किती पुरणार? अमृत, आमचा मुलगा, सुप्याला कारखान्यात आहे. तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. तो म्हणाला, आता वस्तीला कुलूप लावा आणि इकडं या. केशरनं फोन कानाला लावूनच त्याला सुनावलं, "मला जिन्यानं वर नेशील, पर खाली कोन आननार? चौघंच आनतील."

शेवटी मायलेकांचं एवढ्यावर मिटलं, की या उन्हाळ्यात विहिरीला पाणी आलं तर राहायचं, नाही आलं तर सुप्याला जायचं. केशरला या खोलीतून हलायचं नव्हतं. दारातून तिला लिंब दिसायचा, विहिरीचा कठडा दिसायचा. तेवढं दिसलं की तिचा दिवस जायचा.

२

यंत्राची माणसं वैशाखात आली. एका संस्थेचं काम होतं, आमच्या विहिरीवर करून बघायचं होतं. त्यांची मोठी बाई म्हणजे अल्मास नावाची मुलगी, नगरची. डोक्याला ओढणी गुंडाळून उन्हात दिवसभर उभी राहायची. बरोबर पंपाच्या गाडीवर जैनुद्दीन, हाही नगरचाच, पान खाऊन सगळ्यांना हसवणारा.

"तेलाच्या विहिरींवर मी हेच करत होते, बाबा," अल्मास मला म्हणाली. "राजस्थानात. तिथं विहीर आधी सरळ खाली जाते आणि मग आडवी वळते, पार लांबवर. त्या आडव्या भागात पाणी दाबून घालायचं. खडकाला भेगा पडतात, तेलाला वाट होते. तुमच्याकडं आडवं बोअर आहेच. तिथं तेल, इथं पाणी, एवढाच फरक."

"आन् हे खिळे कशाला?"

तिच्या हातात डबीसारखं काहीतरी होतं, खाली लांब खिळा असलेलं. अशा पुष्कळ डब्या तिनं रानात, विहिरीभोवती, घराच्या मागं रोवल्या. एक तर केशरच्या खाटेमागच्या भिंतीला लागून, बाहेरच्या अंगाला.

"हे कान आहेत. खडकाला भेग पडली की बारीक हादरा बसतो. आपल्याला तो कळत नाही, यांना कळतो. कुठल्या कानाला आधी ऐकू आलं, कुठल्या कानाला नंतर, यावरून मशीन सांगतं की भेग कुठं आणि किती खोल पडली."

त्याआधी मशीनला जागा शिकवावी लागते. ते काम तिनं मला दिलं. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवायचा आणि तिनं हात वर केला की त्यावर घण घालायचा. मग पत्रा उचलून दुसऱ्या जागी. लिंबाखाली, बांधावर, पडवीसमोर.

घरात आलो तर केशर म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुमी येवढा आवाज केला."

अल्मास पाणी प्यायला आत आली तेव्हा तिनं तिलाही सोडलं नाही. "डाक्टर मानसाच्या छातीला नळी लावतो, तू जमिनीला लावतीस. मंग तिला झालंय तरी काय?"

"तेच ऐकायचंय, काकू."

"मला इचारायचं. मी पायाळू हाय."

"मग तर आमची नोकरी गेली," अल्मास म्हणाली, आणि दोघी हसल्या.

३

दाब द्यायच्या वेळी रानात काही हलता कामा नये, असा नियम होता. शेळ्या ओढ्यापलीकडं नेऊन बांधल्या. शेजारच्या वस्तीवर मोटार बंद ठेवायला सांगितलं. जैनुद्दीननं विहिरीत उतरून आडव्या बोअरच्या तोंडात रबरी बूच फुगवलं, त्यातून पाइप आत घातला, वर आला आणि पंप सुरू केला. मी खोलीत केशरच्या खाटेजवळ बसलो होतो.

आमची खोली लहान. वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. एका भिंतीला मांडणी, दुसऱ्या भिंतीला खाट. दुपारचं ऊन दारातून आत येऊन पडलं होतं. पंपाचा घोगरा आवाज पत्र्यात घुमत होता. मग आवाज चढला आणि एका जागी थांबला. म्हणजे दाब धरला.

केशर दाराकडं बघत होती. तिनं मान वळवली आणि खाली बघितलं, कोब्याकडं.

"कोन हाय?" ती म्हणाली.

"कुठं?"

तिची नजर कोब्यावरच होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अवो, माझा डावा तळवा गार पडला."

मला आधी समजलंच नाही. त्या पायाला चिमटा काढला तरी तिला कळत नसे. एकदा त्यावर ऊन चहा सांडला होता, फोड आला, तो मलाच दिसला. मी तळव्याला हात लावला. खरंच गार होता, माठाच्या बुडासारखा. उजवा नेहमीसारखा कोमट होता.

मला इतका आनंद झाला की मी तिचा पाय तसाच धरून बसलो.

पंप बंद झाल्यावर अल्मास दाराशी आली. "बाबा, मघाशी इथं कोण चालत होतं?"

"कुनी न्हाई. आमी दोघंच. मी तर जाग्यावरून हललो न्हाई."

"पावलं आलीत मशीनवर. लांबून आली आणि इथं, खोलीपाशी थांबली. एखादं कुत्रं असेल." तिनं मागं जाऊन बघितलं. घरामागं नुकतीच उकरलेली भुसभुशीत माती होती, तिनंच कान पुरताना केलेली. तीवर कुत्र्याचा पाय उमटलेला नव्हता. माणसाचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल लावायला पाय हातात घेतला तर केशरच्या तळव्याला मुरूम लागलेला होता. ओला, पिवळसर, बोटांच्या बेचक्यातही. आमच्या रानात वर काळी माती आहे. मुरूम लागायला खाली खणावं लागतं.

४

मी ती गोष्ट मनात घोळवत शेळ्यांमागं हिंडलो. माझ्याच हाताला मुरूम असेल आणि तो तिला लागला असेल, असं म्हणून बघितलं. पण मी हात धुऊन बसलो होतो. विहिरीवरचा गाळ कुणाच्या पायानं खोलीत आला म्हणावं, तर कोबा स्वच्छ होता. मग एक विचार आला आणि तो आल्यावर दुसरं काही सुचेना.

केशर चालायला शिकत असेल.

मी शेळ्या घेऊन गेलो की भिंतीला धरून उठत असेल. पडवीत जात असेल, माणसांनी विहिरीतून आणलेला गाळ तिथं सांडलेला असतो. पाय पुसायचं मात्र तिला जमलं नसेल. हे तिच्या स्वभावाला धरून होतं. तिला मोबाईलवर नातीचं तोंड बघायचं होतं, तर तेही ती माझ्या चोरून शिकली होती आणि एक दिवस मला म्हणाली होती, "तुमी ऱ्हावा आडानी." पुरतं जमेपर्यंत ती सांगायची नाही. म्हणून मीही विचारलं नाही. पाय धुतला, पुसला, तेल लावलं.

पुढच्या वेळी अल्मास म्हणाली, "बाबा, आज तुम्ही माझ्याजवळ बसा. घरातली हालचाल वेगळी काढता येईल."

लिंबाखाली तिचं टेबल होतं. कॉम्प्युटरवर विहीर दाखवली होती, आडवं बोअर दाखवलं होतं, आणि घर म्हणून एक चौकोन. पंपाचा आवाज चढला. बोअरच्या कडेनं ठिपके उमटायला लागले, एक इथं, एक तिथं.

"हा बघा, खडक उघडतोय," ती म्हणाली.

मग घराच्या चौकोनाखाली एक ठिपका उमटला. थोड्या वेळानं दुसरा. अल्मासनं स्वतःच्या कानावरचं ऐकायचं यंत्र काढून मला दिलं. तिनं आवाज वाढवला होता. त्यात खूप घरघर होती, आणि घरघरीच्या आत ते होतं. ठक. मग घस्स. ठक. मग घस्स. एक पाय ठाम पडत होता, एक घासत येत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याची लाज वाटली नाही.

"ती आमची केशर हाय," मी म्हणालो. "चालाया शिकतीय. डावा पाय वढीत."

"काय सांगता! काकू?"

"मला बी सांगितलं न्हाई तिनं. तू बोलू नको."

अल्मासला फार बरं वाटलं. जैनुद्दीन लांबून ओरडला, "काय झालं, चाचा? पाणी लागलं का?" मी हातानंच त्याला गप्प राहायला सांगितलं.

अल्मास स्क्रीनकडं बघून म्हणाली, "किती खोल ते मात्र चुकीचं दाखवतंय. म्हणतंय ही पावलं विहिरीच्या तळाएवढी खाली आहेत." तिनं आकडा परत बघितला. "घराचा कोबा टणक आहे, त्यानं फसत असेल. काकूच आहेत म्हणल्यावर प्रश्न मिटला. हे मी हिशेबातून गाळून टाकते. नाहीतर न कळलेला आवाज आला की काम थांबवावं लागतं."

"काम थांबवू नका," मी म्हणालो.

पंप चालूच होता. मी वहाणा काढल्या आणि तिला नकळत बघावं म्हणून अनवाणी घराकडं गेलो. पडवीत उभं राहून दारातून डोकावलो.

केशर खाटेवर होती. मी सकाळी अंथरलेली चादर, तिच्या कडा मी गादीखाली खोचल्या होत्या, त्या तशाच खोचलेल्या. हात छातीवर. डोळे मिटलेले. पाय खाटेच्या टोकाशी जुळवलेले, आणि दोन्ही तळव्यांवरून पाणी ठिबकत होतं. पाणी कोब्यावर पडत होतं. आसपास एकही ओलं पाऊल नव्हतं.

५

मी तिला हलवून उठवलं. ती उठली आणि आधी वर पत्र्याकडं बघितलं, खूप वेळ.

"स्वप्न पडलं," ती म्हणाली. "चालत हुते. पर वाकून चालावं लागत हुतं. डोक्याला खडक लागत हुता."

"आनि?"

"आनि काय? चालत हुते, येवढंच. आंधार हुता, तरी वाट म्हाईत असल्यावानी."

मी पाय पुसले. पाणी कुठून आलं म्हणून वर बघितलं, खाटेखाली बघितलं, माठाला हात लावून बघितला. माठ जागेवर होता. घाम म्हणावा तर पाय बर्फासारखे होते.

संध्याकाळी चहा देताना डाव्या पायाचा अंगठा हलला. मी कप खाली ठेवला.

"परत हलिव."

तिनं हलवला. पुन्हा हलवला. मी हसत होतो. ती हसत नव्हती.

"अवो," ती म्हणाली, "त्या पोरीला सांगा, आता बंद कर."

"आगं, विहिरीच्या भिताडाला वल आलीय. मी सोता हात लावून बगितला. आनि तुझा पाय..."

"पाय माझा हाय. मला कळतंय."

"काय कळतंय?"

केशर कधी शब्द शोधत नाही. त्या दिवशी शोधत होती.

"पानी असलं की तळवा गार पडतो. ते मला ल्हानपनापासून ठावं हाय. गार पडतो, जनू वारा लागला. हे तसं न्हाई. खाली कोनतरी उभं हाय. माझ्या तळव्याला तळवा लावून उभं हाय. मी हिकडं, ते तिकडं. मी आंगठा हलिवला म्हंता ना तुमी? मी न्हाई हलिवला. तिकडून हलला."

मला काय बोलावं ते जुळवायला वेळ लागला. आजारात माणूस असं काही बोलतं. डॉक्टर म्हणाला होता, मेलेली शीर जागी व्हायला लागली की मुंग्या येतात, थंडी वाजते, दुसऱ्याचा पाय असल्यासारखं वाटतं. ते आठवलं आणि मला धीर आला. मी तेल कोमट केलं, सकाळ नसताना, आणि दोन्ही पाय चोळत बसलो. उजव्यालाही तिनं नको म्हटलं नाही.

"उद्या शेवटचंच हाय," मी म्हणालो. "पानी आलं की आपल्याला कुठं जायला नको. तू हितंच ऱ्हाशील."

"व्हय," ती म्हणाली. "हितंच ऱ्हाईन मी."

६

शेवटचा दाब मोठा होता. दुपारी ऊन डोक्यावर असताना दिला. अल्मासनं मला विहिरीवर थांबायला सांगितलं. केशरला मी सांगून आलो की दार उघडं आहे, हाक मार. तिनं माझं मनगट धरलं, उजव्या हातानं, आणि बराच वेळ सोडलं नाही. मग सोडलं.

"जावा. टोपी घाला, ऊन हाय," एवढंच म्हणाली. मी टोपी घातली, वहाणा दाराशीच राहिल्या.

पंपाचा आवाज या वेळी पायांतून वर आला. लिंबावरचे कावळे उडाले. मग पंप थांबला, आणि जैनुद्दीन लोखंडी शिडीनं खाली उतरून बूच काढायला लागला. बूच निघालं. पाइप ओढून काढला. बोअरचं तोंड उघडं पडलं. पाण्याचा थेंब नाही.

"चाचा, आरसा टाका," तो खालून म्हणाला. "दिसतंय का काही ते बघा."

विहिरीत बघायचं तर आम्ही असंच करतो. काठावर उभं राहून आरशानं ऊन आत टाकायचं. बॅटरीपेक्षा स्वच्छ दिसतं. मी खोलीतल्या भिंतीवरचा आरसा काढून आणलाच होता. जैनुद्दीन शिडीनं वर यायला लागला, त्याची पाठ बोअरकडं. मी समोरच्या काठावर उभा राहिलो, उन्हाचा तुकडा भिंतीवरून खाली सरकवला आणि बोअरच्या तोंडावर आणला.

ते भोक मनगटाएवढं. ऊन हातभर आत गेलं.

आत टाच होती.

माणसाची टाच, ओली, माझ्याकडं पाठ करून निघाल्यावर दिसते तशी. उन्हात तिच्यावरचा खड्डा दिसला, हरभऱ्याचा दाणा बसेल एवढा. मग ती आत ओढली गेली. उचलली गेली नाही, घासत गेली. त्या भोकात टाच बसेलच कशी? एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि आरसा हातातून सुटला.

तो तळाला फुटायच्या आधी पाणी आलं.

आधी गढूळ, मग स्वच्छ, बोअरचं तोंड भरून, धारेला ताकद असलेलं. जैनुद्दीन शिडीवरच चिंब झाला आणि शिव्या देत हसायला लागला. अल्मास धावत आली. मी उलट दिशेला धावत होतो. माझ्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं.

केशर दारात उभी होती.

चौकटीला न धरता, दोन्ही पायांवर. पायांत माझ्या वहाणा होत्या.

"पाणी आलं का?" तिनं विचारलं.

७

अमृत आणि आमची सून राजेश्वरी दुसऱ्या दिवशीच नातीला घेऊन आले. अमृत आईच्या गळ्यात पडून रडला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधीकधी. कुलपाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. डाळिंबाची रोपं लावायचं ठरलं.

आता ती स्वयंपाक करते, भाकरी चांगल्या करते. झाडलोट करते, पाणी भरते. घरात कायम वहाणा घालून असते. आधी सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची ती मिश्री मागत नाही. डबी मांडणीवर तशीच आहे. मी तेलाची पळी घेऊन गेलो की म्हणते, "आता कशाला? बरी झाले मी." टोमणा कधी मारत नाही. मी बोलायला वेळ लावला तर थांबते. माझं वाक्य पुरं होईपर्यंत माझ्याकडं बघत थांबते.

एका दुपारी ती झोपली होती. मी हळूच डाव्या पायाची वहाण काढली. टाच गुळगुळीत होती. लहान मुलाची असते तशी. नवी कातडी आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि वहाण परत घातली. वर बघितलं तर ती डोळे उघडे ठेवून पडलेली होती.

मग अल्मासचा फोन आला. पाण्याबद्दल विचारलं, काकूंबद्दल विचारलं. नंतर जरा घुटमळली.

"बाबा, शेवटच्या दिवशी तुम्ही विहिरीवर होतात ना?"

"व्हय."

"मग घरात काकूंजवळ कोण होतं? मी ती गाळलेली पावलं पुन्हा ऐकली. दोन माणसं आहेत. एक वर दाराकडं येतंय, दोन्ही पाय नीट टाकत. आणि एक पाय ओढत उलटं जातंय. घराखालून विहिरीपर्यंत, मग वळून परत खडकात आत. खाली खाली. मशीन चुकलं असेल. तुम्हाला काय वाटतं?"

मी उत्तर जुळवत होतो. मागं वहाणांचा आवाज आला आणि थांबला.

"चुकलं आसंल," मी म्हणालो.

ठोकायचा लोखंडी पत्रा त्यांनी नेला नाही, तो लिंबाखाली तसाच राहिला आहे. दुपारी मोटार बंद असली की मी तिथं जाऊन बसतो. घणाचा एक ठोका घालतो आणि पत्र्यावर कान ठेवतो. कधी काहीच येत नाही. कधी येतं, अगदी बारीक. ठक, मग घस्स. वाट माहीत असली तरी केशर लांब गेली आहे. घर कुठल्या अंगाला आहे हे तिला कळावं म्हणून मी ठोकतो.

"कशाला ठोकता सारखं?" घरातून विचारणं होतं. "पाणी पुष्कळ झालं. आता ते बोअरचं तोंड बुजवून टाका."

अमृतकडून तिनं सिमेंटचं पोतंही आणवलं. ते मी मोटारीच्या गळक्या पाइपाखाली ठेवलं. आठवडाभरात त्याचा दगड झाला. तिनं तो पायानं ढकलून बघितला. दुसरं पोतं येईल. तेही मी तिथंच ठेवीन.

सकाळी शेळ्या सोडायच्या आधी मी तेल कोमट करतो. बोट बुडवून बघतो. मग पळी घेऊन विहिरीवर जातो आणि बोअरच्या तोंडाच्या वर, भिंतीच्या कडेनं, हळूहळू सोडतो. डाव्या पायाचं थोडं जास्त.